तीर्थ : कांठच्या पाण्याचा एक शब्द

मागें एकदां वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मोठा मार्मिक प्रश्न विचारला. आजोबांच्या पेटींत त्याला जुन्या पत्रांचा एक जुडगा सांपडला होता. प्रत्येक पत्राच्या शिरोभागीं ‘तीर्थरूप’ हा शब्द आणि त्यापुढें साष्टांग नमस्कार. विद्यार्थी नाशिकचाच, गंगेच्या कांठीं वाढलेला. तो म्हणाला, “सर, तीर्थ म्हणजे तर पाणी. मग वडिलांना पाण्याच्या रूपाचे कां म्हणावयाचें?” वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि ‘पूज्य अशा अर्थानें’ असें ठराविक उत्तर देऊन पुढें गेलों. घरीं आल्यावर मात्र मनाला टोंचणी लागली कीं, आपण उत्तर दिलें नाहीं, प्रश्न टाळला. पुढें सवडीनें त्या शब्दाचा माग काढीत गेलों, तेव्हां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आज मराठींत ‘तीर्थ’ म्हटलें कीं दोन अर्थ चटकन् डोळ्यांपुढें येतात. एक क्षेत्राचा व दुसरा पवित्र पाण्याचा. त्र्यंबकेश्वर हें तीर्थ, आणि देवाच्या अभिषेकाचें जें पाणी पुजारी पळीनें आपल्या हातावर घालतो तेंही तीर्थच. तिसरा एक अर्थ थट्टेचा आहे. मद्यालाही मित्रमंडळी डोळे मिचकावून तीर्थ म्हणतात. यांपैकीं पहिल्या अर्थाला पाणी असलेंच पाहिजे असेंही नाहीं. डोंगरमाथ्यावरच्या कोरड्या देवस्थानालाही आपण तीर्थक्षेत्र म्हणतों. त्यामुळें अशी समजूत होऊन बसली आहे कीं, पावित्र्य हाच या शब्दाचा गाभा आणि पाणी हें त्याचें निमित्त. ही समजूत उलटी आहे. तीर्थ हा मुळांत पावित्र्याचा शब्द नव्हे. तो कांठचा शब्द आहे. नदीचा कांठ जेथें माणसाला सुखानें पाण्यांत उतरूं देतो, पाय जेथें तळाला लागतात आणि जेथून पैलतीर गांठतां येतें, त्या जागेचें व त्या उथळ पाण्याचें तें नांव. पावित्र्य मागाहून आलें. आणि तें कां आलें, हेंही त्या मूळ अर्थावरूनच उलगडतें.

प्रथम कोशकारांची साक्ष घेऊं. वामन शिवराम आपटे यांनीं आपला संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत या शब्दाखालीं पहिला अर्थ दिला आहे तो वाटेचा, नदीच्या उताराचा. दुसरा नदींत उतरण्याच्या पायऱ्यांचा, म्हणजे आपल्या घाटाचा. पवित्र स्थळाचा अर्थ त्यानंतर येतो. कोशांतील हा क्रम सहज पडलेला नव्हे; एका अर्थांतून दुसरा कसा निघाला याचा तो आलेख आहे. आपट्यांच्या पूर्वीं कित्येक शतकें अमरसिंहानें या शब्दाचे अर्थ मोजले, ते असे : पाणी पिण्या-उतरण्याची जागा, शास्त्र, ऋषींनीं सेविलेलें जल आणि गुरु. या चार अर्थांची ही विलक्षण जोडी कशी जमली, हा प्रश्न वाचकांनीं मनांत ठेवावा; शेवटीं आपणांस तिकडेच यावयाचें आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनें ‘तॄ’ या धातूस ‘थ’ प्रत्यय लागून तीर्थ शब्द सिद्ध होतो. तॄ म्हणजे तरणें, पार जाणें. पुराणिक सांगतात, जें पापांतून तारतें तें तीर्थ. हें खोटें नाहीं. पण संसाराची नदी तरण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांना खरोखरीच्या पाण्याची नदी तरावी लागे, हें विसरून चालणार नाहीं. या एका धातूचा परिवार आपल्या मराठींत केवढा पसरला आहे पाहा. तरणें, तारणें आणि समुद्रावरचें तारू हीं उघडच त्यांतलीं. खाडीवरून माणसें नेणारी ‘तर’ ही त्यांतलीच. ‘नदीला उतार आहे’ असें खेडूत म्हणतो तेव्हां पाणी पायीं ओलांडतां येईल इतकें उतरलें आहे, असा त्याचा भाव असतो. तेव्हां हा ‘उतार’ म्हणजे तीर्थाचा अगदीं घरगुती भाऊ होय. आगगाडींतील प्रवाशास आपण ‘उतारू’ म्हणतों, तो शब्द नदीच्या कांठावरून रेल्वेच्या फलाटावर आला आहे. देव खालीं उतरला तर तो अवतार, विद्यार्थी परीक्षेच्या पलीकडे गेला तर तो उत्तीर्ण, संकट पार पाडलें तर तें निस्तरलें, आणि पार करतां येत नाहीं तें दुस्तर. एवढ्या मोठ्या कुटुंबांत एकट्या तीर्थानेंच सोंवळें नेसलें. बाकी सारीं माणसें अजून गुडघाभर पाण्यांत उभीं आहेत.

ऋग्वेदांत हा शब्द येतो तो या ओल्या पायांनींच. आठव्या मंडलांतील एका सूक्तांत ऋषि आदित्यांना विनवितो कीं, घोड्यांना चांगल्या उतारावर न्यावें तसें आम्हांस सुगम वाटेनें न्या. तेथें ‘सुतीर्थ’ असा शब्द आहे. घोड्याला चांगलें तीर्थ कोणतें? जेथें कांठ निसरडा नाहीं, चिखल पोटापर्यंत येत नाहीं, प्रवाह पाय उचलीत नाहीं, तें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत तीर्थांच्या विवेचनाचा आरंभ करतांना ऋग्वेदांतील वाट व उतार हे अर्थ त्यांनीं स्पष्ट नोंदविले आहेत.

नाशिकच्या माणसाला हा अर्थ समजण्यास ग्रंथांची गरज पडूं नये. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून निघालेली गोदावरी सुमारें तीस किलोमीटर चालून येथें येते. अजून ती थोराड झालेली नसते. पात्र काळ्या खडकाचें. कोठें खडकाची सपाट पाटी वर आलेली, तर कोठें डोह. रामकुंडाजवळ ती दक्षिणेस वळते. माणसांनीं पाण्यांत उतरावें, उभें राहावें, पलीकडे पंचवटींत जावें, यास अशी जागा सोयीची. आणि हा कांठ स्थिर नसतो, हेंही नाशिककर जाणतो. पात्रांतील दुतोंड्या मारुती हें त्याचें मोजमाप होय. पाणी मारुतीच्या पायाला लागलें कीं गुडघ्याला, कमरेला कीं छातीला, यावरून सारें गांव पुराची चर्चा करतें. वरच्या बाजूस गंगापूरचें धरण झाल्यापासून पूर कांहींसा ‘सोडण्या’वर अवलंबून राहिला, पण मोजण्याची रीत बदलली नाहीं. मारुतीच्या पायाखालीं पाणी असतें तोंवर तें तीर्थ. मारुती बुडाला कीं तीच नदी दुस्तर.

तात्पर्य, तीर्थाचीं लक्षणें तीन. तेथें उतरतां आलें पाहिजे. उतरल्यावर पाय टेकले पाहिजेत. आणि तेथून सुखरूप पार होतां किंवा परततां आलें पाहिजे. यांत पावित्र्याचा उल्लेख कोठेंही नाहीं.

या अर्थाचा एक फार मोलाचा पुरावा आपल्या नाशिकच्याच डोंगरांत कोरलेला आहे. त्रिरश्मि डोंगरावरच्या ज्या लेण्यांना आपण पांडवलेणीं म्हणतों, त्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. काळ इसवी सनाचें पहिलें-दुसरें शतक. उषवदात हा शक, लेणें बौद्ध भिक्षूंसाठीं, भाषा संस्कृत-प्राकृताची मिसळ, आणि दानें मात्र ब्राह्मणांपासून भिक्षूंपर्यंत सर्वांना. अशा या दानशूर परक्याच्या लेखांत तीर्थ शब्द एकाच दमांत दोन अर्थांनीं आला आहे. प्रभास हें ‘पुण्यतीर्थ’ म्हणून उल्लेखिलें आहे. तेथें पावित्र्याचा अर्थ पक्का झालेला दिसतो. पण बार्णासा नदीच्या संबंधांत त्यानें स्वतःला सुवर्ण देणारा व ‘तीर्थ करणारा’ म्हटलें आहे. पावित्र्य कोणास करतां येत नाहीं. करतां येतो तो घाट. पैसा खर्चून नदीला उतरण्याची वाट बांधून दिली, असा त्याचा सरळ अर्थ.

याच लेखांत पुढें सहा नद्यांचीं नांवें आहेत : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका. या नद्यांवर उषवदातानें होड्या ठेवून लोकांस फुकट पार नेण्याची सोय केली आणि दोन्ही तीरांवर निवारे व पाणपोया घातल्या. या पुण्यकर्मास लेखांत ‘पुण्यतर’ म्हटलें आहे. हाच तो आपल्या कोंकणच्या खाडीवरील ‘तर’ शब्द. पारादा म्हणजे आजची पार, दमण म्हणजे दमणगंगा. या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांतून निघून पश्चिमेस समुद्राकडे धांवतात. एकाच सह्याद्रीच्या पूर्वेकडे गोदावरीला उतार सांपडतो, कारण तेथें पात्र खडकाळ आणि प्रवाह लहान. पश्चिमेस समुद्राजवळ भरतीचें पाणी खाडींत शिरतें, तेथें पाय टेकत नाहींत, म्हणून होडी लागते. जेथें तीर्थ नाहीं तेथें तर, असा हा हिशेब. उषवदातानें दोहोंची सोय केली, आणि दोन्ही एकाच यादींत, एकाच अभिमानानें खडकावर कोरविलीं.

आणखी एक गंमत सांगतों. ‘रामतीर्थ’ हें नांव या लेखांत आहे. पण तें नाशिकच्या रामकुंडाचें नव्हे. तें शूर्पारक, म्हणजे वसईजवळचें सोपारें, येथील आहे. नाशिकच्या बाबतींत लेखांत येतें तें गोवर्धनाचें नांव, जें आजही गंगापुराजवळच्या एका गांवानें टिकविलें आहे. आज आपण पाहतों त्या रामकुंडाच्या बांधणीचें साल १६९६ असें दिलें जातें, आणि पुढें थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं त्याची दुरुस्ती करविली. म्हणजे आपल्या अभिमानाचें हें दगडी तीर्थ शिवकालाच्या नंतरचें. पण तीर्थ बांधण्याची बुद्धि मात्र त्याहून पंधराशें वर्षांनीं जुनी.

घाट बांधणें हें जसें दात्याचें काम, तसें तें राखणें हें राजाचें काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. भलत्या वेळीं किंवा तीर्थ सोडून भलत्या ठिकाणीं नदी ओलांडणारास त्यांत दंड सांगितला आहे. राजद्रोही माणसें गुपचुप पार जातील या भयानें नावांचीं तीर्थें ठरवून द्यावींत, असेंही म्हटलें आहे. मात्र त्याच ठिकाणीं ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा निरोप्या आणि गर्भिणी यांस अध्यक्षाच्या मुद्रेवर फुकट पार न्यावें अशी आज्ञा आहे. तीर्थावर कोणास उतरूं द्यावें आणि कोणास अडवावें, हा प्रश्न इतका जुना आहे. याच ग्रंथांत राज्याच्या अठरा मोठ्या अधिकाऱ्यांनाही ‘तीर्थ’ म्हटलें आहे. आज त्याचें हंसूं येतें. पण प्रजेला राजसत्तेच्या खोल पाण्यांत शिरावयाचें तर वाट त्यांच्यावरूनच जाई, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उपमा चपखल वाटते.

येथून शब्द पाण्याबाहेर पडला. ज्याच्या द्वारां एखाद्या अवघड गोष्टींत प्रवेश मिळतो तें तीर्थ, असा अर्थ रूढ झाला. शास्त्र हें तीर्थ, आणि तें शिकविणारा गुरु हेंही तीर्थ. पाणिनीच्या व्याकरणांत एकाच तीर्थीं राहणारा तो ‘सतीर्थ्य’ असा शब्द साधला आहे. म्हणजे एका गुरूचे शिष्य. पतंजलीनें तर एक मौजेचा दाखला दिला आहे. घाटावरचे कावळे एका जागीं ठरत नाहींत; तसा जो विद्यार्थी गुरूच्या घरीं जातो आणि ठरत नाहीं त्यास ‘तीर्थकाक’ म्हणावें. दोन हजार वर्षांनंतर आम्हां प्राध्यापकांस या पक्ष्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. जैनांनीं याच कल्पनेला सर्वांत उंच नेलें. तीर्थंकर म्हणजे उतार बांधून देणारा. स्वतः पोहून पलीकडे गेलेला तो थोर खराच. पण मागून येणाऱ्या, पोहतां न येणाऱ्या माणसांसाठीं ज्यानें उतार करून ठेवला तो तीर्थंकर. आणि त्यानें केलेलें तीर्थ म्हणजे साधु, साध्वी, श्रावक, श्राविका यांचा चतुर्विध संघ. नाशिकजवळच म्हसरूळच्या डोंगरावर गजपंथ हें जैन तीर्थ आहे. तेथें नदी नाहीं, तरी नांव यथार्थ आहे.

धर्मशास्त्रानें हा शब्द आणखी एका ठिकाणीं ठेवून दिला आहे, तो म्हणजे आपल्या तळहातावर. मनुस्मृतींत हाताचीं चार तीर्थें सांगितलीं आहेत. अंगठ्याच्या मुळाशीं ब्राह्मतीर्थ, करंगळीच्या मुळाशीं प्रजापतीचें, बोटांच्या टोंकांशीं देवांचें आणि अंगठा व तर्जनी यांच्या मध्यें पितरांचें. रामकुंडावर तर्पण करणारा माणूस पाहा. ओंजळींतलें पाणी तो अंगठा व तर्जनी यांच्या मधून खालीं सोडतो. तो हात म्हणजे एक लहानसा घाट आहे. फरक इतकाच कीं, येथें माणूस पाण्यांत उतरत नाहीं, पाणी माणसाच्या हातावरून पितरांकडे उतरतें. मला वाटतें, शब्दाचा मूळ अर्थ धर्मविधींत इतका सूक्ष्मपणें जपला गेल्याचें दुसरें उदाहरण मिळणें कठीण.

मग पावित्र्य आलें कोठून? महाभारताच्या वनपर्वांत तीर्थयात्रेचें माहात्म्य सांगतांना एक स्वच्छ कारण दिलें आहे. यज्ञाला साहित्य लागतें, धन लागतें, माणसें लागतात. तो राजांनीं करावा, दरिद्र्याला तो साधत नाहीं. पण तीर्थाला जाणें दरिद्र्यालाही साधतें, आणि त्याचें पुण्य यज्ञाहूनही अधिक आहे. या विचारांत तीर्थाचा महिमा पाण्याच्या गुणधर्मांत शोधलेला नसून तेथें सर्वांना जातां येतें, या मोकळेपणांत शोधला आहे. जो कांठ घोड्याला, गुरांना, वाटसरूला उतरूं देत होता, त्यानेंच पुढें निर्धनालाही देवाच्या दारीं उतरूं दिलें. पावित्र्य हें त्या सुलभपणाचें फळ होय.

पुढें काय झालें? नद्यांवर पूल झाले. नाशिकलाच पाहा, पूर्वीं ज्याला व्हिक्टोरिया पूल म्हणत व आतां अहिल्याबाई होळकर यांच्या नांवानें जो ओळखला जातो, तो झाल्यावर पंचवटींत जाण्यास पाय भिजविण्याची गरज उरली नाहीं. पार जाण्याचा अर्थ पुलावर गेला. घाटावर उरला तो स्नानाचा. मग जागेचा अर्थही झिजला आणि पाण्याचा उरला. शेवटीं तो पळीभर पाण्यांत मावला. शब्दाचा हा संकोच निरुपद्रवी असता, तर त्यावर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. पण मूळ अर्थ विसरला गेल्यानें आपण तीर्थावर जें वागलों, त्याची नोंद इतिहासानें करून ठेवली आहे.

महाडच्या चवदार तळ्याचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. तें तळें सार्वजनिक होतें. १९२४ सालीं नगरपालिकेनें तें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला होता. तरीही अस्पृश्य मानलेल्या लोकांस त्याच्या पाण्याशीं जातां येत नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या पायऱ्या उतरले आणि पाणी ओंजळींत घेतलें. न्यायालयाचा अंतिम निकाल लागण्यास मार्च १९३७ उजाडला. तीन वर्षांनीं, २ मार्च १९३० रोजीं, नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारें मैलभर लांबीची मिरवणूक मंदिरापाशीं आली, तों मंदिराचीं दारें बंद होतीं. मिरवणूक तेथून निघून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिची सभा झाली. या प्रसंगाचें वर्णन वाचतांना मी दर वेळीं त्या घाटापाशीं थबकतों. देवाचें दार बंद, म्हणून माणसें कांठावर आलीं. कांठाला दार नसतें. निदान शब्दाचा मूळ अर्थ तरी तसाच आहे. सत्याग्रह पुढें पांच वर्षें रेंगाळला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास आंबेडकरांनीं, हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. ज्या समाजानें उतरण्याच्या जागेला तीर्थ म्हटलें, त्यानेंच तीर्थावर उतरण्याची बंदी घालावी, यापरता शब्दाचा अनर्थ कोणता?

दुसरी नोंद सिंहस्थाची. २७ ऑगस्ट २००३ रोजीं रामकुंडाकडे निघालेल्या गर्दींत अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्यु पावले. पाणी पवित्र होतें. उतार मात्र सु-तीर्थ नव्हता. २०१५ च्या सिंहस्थांत नवे घाट बांधून गर्दी विभागण्यांत आली, ही उषवदाताच्या परंपरेंतील शहाणी गोष्ट म्हटली पाहिजे. पण २००३ च्या त्या सिंहस्थाच्याच तयारींत रामकुंडाच्या परिसरांतील जुन्या कुंडांचे तळ सिमेंटनें बांधून काढण्यांत आले होते. हेतु सोयीचा असेल. परंतु खडकाच्या भेगांतून वर येणारें पाणी त्यानें बुजलें असें म्हणणारे नागरिक उभे राहिले, आणि नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ च्या उन्हाळ्यांत रामकुंड कोरडें पडलें आणि भाविकांसाठीं टँकरनें पाणी आणून ओतावें लागलें. पायऱ्या शाबूत, नांव शाबूत, विधी शाबूत, आणि पाणी गाडींतून आणलेलें! पूर्वीं पाणी होतें म्हणून तीर्थ होतें. आतां तीर्थ आहे म्हणून पाणी आणावयाचें. शब्दाचा जो प्रवास कोशांत शतकानुशतकें चालला होता, तो त्या उन्हाळ्यांत घाटावर एका दृष्टिक्षेपांत दिसला.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्यासाठीं घाट बांधणारांस माझें शब्दाभ्यासकाचें एवढेंच सांगणें आहे कीं, घाटाची लांबी आणि दगडाची जात पाहतांना त्यांनीं वर दिलेलीं तीन लक्षणें लावून पाहावींत. येथें म्हाताऱ्या माणसाला उतरतां येईल काय? पाय टेकेल तेथें पाणी असेल काय, आणि तें नदीचें असेल काय? आणि आलेला प्रत्येकजण सुखरूप वर येईल काय? तिहींचें उत्तर होकारार्थी असेल तर तें तीर्थ. मग त्यास कुंड म्हणा, घाट म्हणा, कीं नुसता उतार म्हणा.

आतां त्या विद्यार्थ्याचें देणें फेडतों. अमरसिंहाच्या यादींत पाण्याची उतरण्याची जागा आणि गुरु हे दोन अर्थ कां एकत्र बसले, हें आतां सांगण्याची गरज नसावी. वडिलांना तीर्थरूप म्हणणें म्हणजे त्यांना पवित्र पाणी म्हणणें नव्हे. जग खोल आहे. लहान पोराला त्यांत एकदम सोडलें तर तें बुडेल. कोणाच्या तरी कांठाशीं पाणी उथळ असावें लागतें. तेथें बोट धरून पहिलें पाऊल टाकतां येतें, पाय टेकतो, आणि धीर आला कीं पुढें जातां येतें. ज्यांच्यापाशीं असा उतार मिळाला ते तीर्थरूप. आमच्या वडिलांस मीही वसतिगृहांतून याच मायन्याचीं पत्रें लिहिलीं, बहुधा पैसे मागण्यासाठीं. तेव्हां अर्थ ठाऊक नव्हता. पण शब्द चुकीचा पडत नव्हता.